हिरव्या शाईची ओळ

माझा धाकटा भाऊ कुणाच्याही घरी गेला की आधी माणसांकडे बघत नाही, छताकडे बघतो. मग एखाद्या खांबावर बोटाने टकटक करतो आणि मगच बसतो, तेही तुळईच्या बरोबर खाली नाही, जरा सरकून. पहिल्यांदा सासरी गेला तेव्हाही त्याने हाच उद्योग केला. सासऱ्यांनी हसून विचारलं, "काय जावईबापू, पडेल का घर?" तर हा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "इतक्यात नाही." माझी भावजय अजून त्यावरून त्याला टोमणे मारते.

घरात आम्ही त्याला पट्टी म्हणतो. लहानपणी दप्तरात डबा विसरायचा, पण फूटपट्टी कधी नाही, म्हणून पडलेलं नाव. इमारत दिसायला कशी असावी ते आर्किटेक्ट ठरवतो, पण ती उभी राहील की नाही, तुळई किती जाड आणि तिच्यात सळ्या किती, हा हिशेब पट्टीचा. काम हुशारीचं, पण हा प्राणी इतका भित्रा की घराला कुलूप लावून जिना उतरला की परत वर चढून कुलूप ओढून बघणार. त्याने स्वतंत्र व्यवसाय करायचं काढलं तेव्हा माझा आधी विश्वासच बसला नव्हता.

एकोणीस वर्षं तो एका मोठ्या फर्ममध्ये होता. तिथली पद्धत मला तोंडपाठ आहे, कारण जेवताना याच्या तोंडी दुसरा विषय नसायचा. एक हिशेब पाच टेबलांवरून फिरायचा. पट्टीचं टेबल तिसरं. भिंती, स्लॅब, माणसं, फर्निचर यांचं वजन तो धरायचा. पण पाण्याच्या टाक्या, लिफ्ट, जनरेटर असल्या जड वस्तूंची ओळ तो रिकामी सोडायचा. ती पाचव्या टेबलावरच्या बाई भरायच्या, तीही हिरव्या शाईने, म्हणजे कुणी भरली ते लगेच कळावं. सगळ्यात शेवटी मोठे साहेब सही करायचे. म्हणजे झोप उडायची पट्टीची आणि सही साहेबांची.

स्वतंत्र काम करायचा परवाना त्याला कधीच मिळाला होता. राजीनामाही लिहून झाला होता. पण तो कागद तीन वर्षं त्याच्या बॅगेत नुसता फिरत होता. शेवटी एका रविवारी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "पट्ट्या, एक तर तो कागद दे, नाहीतर माझ्यासमोर फाड. घडीवर चिरत चाललाय तो, वाचतासुद्धा येणार नाही साहेबांना." सोमवारी त्याने तो दिला.

माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पँट आखूड करणं, चेन बदलणं, सैल झालेलं घट्ट आणि घट्ट झालेलं सैल करणं. दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात मी पडदा लावून त्याला टेबल टाकून दिलं. बाहेर माझ्या पाटीखाली त्याची पाटी लागली, 'बांधकाम सल्लागार'. लोक पँट घेऊन आत यायचे, मी हाताशी नसले तर पडदा सारून सरळ याच्यापुढे उभे राहायचे. हा बिचारा टेप घेऊन त्यांची मापंही घ्यायचा. एकदा एका गृहस्थाची पँट त्याने मिलिमीटरमध्ये लिहून ठेवली होती.

पाच महिने असेच गेले. फुकट सल्ला मागणारे रोज यायचे, काम घेऊन कुणी येईना. भावजय तोंडाने काही बोलत नव्हती, पण येता-जाता पडद्याकडे बघायची. पट्टीने टेबलावरच्या पेन्सिली इतक्या वेळा टोकदार केल्या की निम्म्या झाल्या.

मग हाडांच्या डॉक्टरबाई आल्या. आल्या होत्या माझ्याकडे, दोन पांढरे कोट लांडे करायला. पाटी वाचून त्यांनी विचारलं, "हे आत बसतात ते कोण?" त्यांना स्वतःचा दवाखाना बांधायचा होता. जागा चिंचोळी, दोन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या भिंती. मधोमध रुग्णांना बसायला मोठा हॉल, त्यावर स्लॅब. बाकीच्या खोल्यांवर पत्रे. आर्किटेक्ट त्यांच्या ओळखीचा होता, हिशेब करणारा हवा होता. हॉलमध्ये मध्ये एकही खांब नको, एवढी एकच त्यांची अट. "माझे पेशंट कुबड्या घेऊन येतात, चाकाच्या खुर्चीतून येतात. त्यांना वळायला जागा हवी," त्या म्हणाल्या.

पट्टीने त्या हिशेबासाठी जीव काढला. त्याचाही आणि माझाही. ऑफिसात तपासायला पुढे दोन टेबलं होती, इथे कोण? म्हणून मला समोर बसवलं. मी कागदावरचे आकडे मोठ्याने वाचायचे आणि तो कॅल्क्युलेटरवर परत करून बघायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आकडे वाचता येतात की नाही मला. सबंध कागद आम्ही तीनदा वाचला. एका ओळीशी मी थांबले. म्हटलं, "पाणी आणि यंत्रं. इथे काहीच नाही लिहिलेलं." तो मान वर न करता म्हणाला, "ते नंतर. पुढे वाच." तिन्ही वेळा असंच म्हणाला. मीही पुढे वाचत गेले.

त्याने सही केली, शिक्का मारला. काम सुरू झालं. स्लॅब टाकून झाला, महिन्याने खालचे टेकू निघाले, हॉल स्वच्छ मोकळा दिसायला लागला. डॉक्टरबाई त्यात हात पसरून गोल फिरल्या म्हणे. पट्टीने त्या दिवशी पहिल्यांदा दुकानात शीळ घातली. मला वाटलं, चला, लागला मार्गाला.

दवाखाना सुरू व्हायला बारा दिवस राहिले होते. सकाळी अकराच्या सुमाराला मी एका कोटाचं अस्तर उसवत होते, तेवढ्यात पडद्यामागे फोन वाजला. नळकाम करणाऱ्याचा होता. त्याचा आवाज एवढा खणखणीत की मला बाहेर ऐकू आलं. "साहेब, शनिवारी टाक्या चढवतोय. तीन आहेत, दोन-दोन हजार लिटरच्या. नकाशात दाखवल्यात तशा हॉलच्या मधोमध ठेवतो, म्हणजे दोन्हीकडच्या नळांना सारखा दाब येईल. चालेल ना?"

आतून उत्तरच येईना. मी पडदा सारला. पट्टी फोन कानाला लावून बसला होता. "शनिवारी नको. मी सांगतो," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. मग कपाटातून तो कागद काढला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. पाणी आणि यंत्रं. रिकामी.

"ताई, मी ही ओळ बाईंसाठी सोडली," तो म्हणाला.

"कुठल्या बाईंसाठी?"

"हिरव्या शाईच्या. एकोणीस वर्षं सोडत आलो. हात आपोआप पुढे गेला." "तीन टाक्या म्हणजे सहा टन. चार मोटारी आणून हॉलच्या डोक्यावर उभ्या करायच्या. आणि मी ते धरलंच नाही."

तीन वेळा ती ओळ मी माझ्या तोंडाने वाचली होती.

तासाभरात दवाखान्याचा कंत्राटदार येऊन बसला. चाळीस वर्षं बांधकामात काढलेला, घाबरणं त्याला ठाऊक नाही. पट्टीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एवढंच ना? टाक्या ठेवू, पण अर्ध्याच भरू. आतल्या तरंगत्या फ्लोटची दांडी खाली वाकवली की नळ लवकर बंद होतो, पाणी अर्ध्यावर थांबतं. अर्ध्या टाक्यांचं वजन पेलेल?"

पट्टीने तिथल्या तिथे गणित केलं. "पेलेल. जेमतेम, पण पेलेल."

"मग झालं तर. मी बोलणार नाही, तुम्ही बोलू नका. पहिलंच काम आहे तुमचं. असलं काही बाहेर गेलं तर दुसरं काम मिळणार आहे का तुम्हाला?" चहा पिऊन तो निघून गेला.

आता मी जे बोलले ते सांगते. सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगते. मी म्हटलं, "बरोबर बोलतोय तो. दांडी वाकव आणि गप्प बस."

पट्टी माझ्याकडे बघत राहिला.

"बघतोस काय? खोटं थोडंच बोलायचंय? अर्ध्या टाकीने छत पडणार नाही, हे तूच म्हणालास ना आत्ता? मग कशाला गावभर बोंब मारायची? पाच महिने माश्या मारल्यास इथे. बायको आहे, मुलगी आहे. ही पाटी उतरली तर परत कुठल्या तोंडाने लावशील?"

"आणि दोन वर्षांनी पाणी कमी येतं म्हणून कुणीतरी वर चढेल," तो हळू आवाजात म्हणाला. "टाकीत डोकावून म्हणेल, अरे, ही दांडी वाकलीये. सरळ करेल. त्याचं काही चुकणार नाही, ताई. खाली तेव्हा चाळीस माणसं बसलेली असतील. त्यातल्या निम्म्यांना उठून पळतासुद्धा येत नाही."

"तुझ्या डोक्यात नेहमी वाईटच येतं," मी चिडून म्हटलं. खरं तर चिडायला दुसरं काही सापडलंच नव्हतं. तो उठला, कागद बॅगेत घातला आणि निघाला. दारातून वळून म्हणाला, "येतेस का बरोबर? नुसती बाहेर बस." मी कात्री ठेवली आणि गेले. निदान एवढं तरी केलं.

डॉक्टरबाईंच्या जुन्या भाड्याच्या जागेत मी बाकावर बसले. दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं. पट्टीने प्रस्तावना केली नाही. "तुमच्या हॉलच्या हिशेबात माझी चूक झाली आहे. टाक्यांचं वजन धरायचं राहिलं. आत्ता छताला काही धोका नाही, पण टाक्या भरल्या तर आहे," असं म्हणून तो थांबला.

"काय होईल?" बाईंनी विचारलं.

"एकदम पडणार नाही. आधी तुळई वाकेल, तडे जातील. लक्ष गेलं तर गेलं."

"आणि नाही गेलं तर?"

त्याने बॅगेतून कागद काढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "उपाय आहे. टाक्या दुसरीकडे ठेवता येणार नाहीत, बाकी सगळे पत्रेच आहेत, आणि एवढं पाणी तुम्हाला लागणारच. तुळईखाली दोन लोखंडी गर्डर घ्यायचे आणि त्यांच्या खाली खांब. खांबाला जमिनीत वेगळा पाया. पण तो खांब हॉलच्या मधोमध येईल."

"मी एकच गोष्ट मागितली होती तुमच्याकडे," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं. "यापुढे तुमचा हिशेब दुसऱ्या कुणाकडून तरी तपासल्याशिवाय मी एक खिळा ठोकू देणार नाही."

"नकाच देऊ. मी तेच सांगणार होतो."

तपासायला आले कोण, तर मोठे साहेब. डॉक्टरबाईंनी चौकशी केली तर त्यांचंच नाव पुढे आलं. त्या दिवशी पट्टीची अवस्था बघवत नव्हती. ज्या माणसाच्या टेबलावर राजीनामा ठेवून बाहेर पडला, त्याच्याच पुढे आपली चूक घेऊन उभं राहायचं. साहेबांनी दुकानातच कागद पसरले. तासभर बघितले. रिकाम्या ओळीशी आले तेव्हा चष्मा काढला आणि म्हणाले, "ही ओळ रिकामी सोडायला मीच शिकवलं तुला." मग बाकीचा हिशेब चोख असल्याचं लिहून दिलं, खांबाच्या पायाची रुंदी तेवढी वाढवली. जाता जाता म्हणाले, "तुझं टेबल अजून रिकामंच आहे. उद्या संध्याकाळपर्यंत सांग."

ते चोवीस तास आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. भावजयीला तो परत जायला हवा होता. तिने ते बोलून दाखवलं नाही, पण त्याचा ऑफिसचा डबा घासून ओट्यावर ठेवला होता. मलाही तेच वाटत होतं. पट्टी दिवसभर आपल्या मुलीची पुस्तकं उंचीप्रमाणे लावत बसला. संध्याकाळी त्याने साहेबांना फोन केला. "साहेब, फार यावंसं वाटतंय. पण तिथे आलो तर ही ओळ मी पुन्हा रिकामी सोडीन," असं म्हणाला आणि फोन ठेवून घटाघटा पाणी प्यायला.

त्यानंतरचे दिवस वाईटच गेले. दवाखाना दीड महिना उशिरा सुरू झाला. गोष्ट चौकाचौकांत झाली, कंत्राटदाराने वर मीठमसाला लावला. पट्टीने एक काम मात्र शहाणपणाचं केलं. हिरव्या शाईच्या बाई निवृत्त झाल्या होत्या, त्यांच्या घरी जाऊन त्यांचे पाय धरले. आता मंगळवारी आणि शुक्रवारी बाई दुकानात येतात, याचे हिशेब तपासतात आणि कडाकडा भांडतात. पडद्याआडून त्यांची भांडणं ऐकायला मला आवडतं. कामं हळूहळू यायला लागली, फार नाही, पण पाटी उतरली नाही.

याच काळात भावजयीने एक नवीन गाणं सुरू केलं. कुणी आलं, विषय निघाला की म्हणायची, "यांचं एकट्याचं धाडस नव्हतं हो. ताई होत्या म्हणून गेले डॉक्टरबाईंकडे. ताईंनी पाठीवर हात ठेवला." शेजारपाजारी, तिच्या माहेरी, मुलीच्या शाळेतसुद्धा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्ही जेवत होतो. मी पट्टीकडे बघितलं, तो ताटात बघत होता. मी म्हटलं, "जाऊ दे गं, त्यात काय." लोकांना वाटलं, विनय. दुसऱ्यांदा मी नुसती हसले. तिसऱ्या वेळेपासून मला ते खरंच वाटायला लागलं. मी बरोबर गेले होतेच ना? बाकावर बसले होते ना? दोन वर्षं मी ते कौतुक बिनदिक्कत घेतलं.

गेल्या महिन्यात माझा गुडघा धरला. पट्टी मला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेला. हॉल भरलेला होता. मधोमध तो लोखंडी खांब, करडा रंग दिलेला, पायथ्याला कुणाला लागू नये म्हणून रबर गुंडाळलेलं. एक म्हातारे गृहस्थ बायकोला चाकाच्या खुर्चीतून आणत होते. खांबापाशी त्यांना वळता येईना. पुढे, मागे, पुन्हा पुढे. वैतागून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कुठल्या गाढवाने हा खांब इथे ठेवलाय?"

चाळीस लोक बसले होते. कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. मी पट्टीच्या बाहीला धरलं. त्याने हळूच माझा हात सोडवला, उठला, खुर्चीला हात लावून ती वळवून दिली आणि म्हणाला, "मी. माझी चूक झाली होती, म्हणून ठेवावा लागला." गृहस्थ ओशाळले. पट्टी परत येऊन माझ्याशेजारी बसला आणि सवयीप्रमाणे छताकडे बघायला लागला.

माझा नंबर आला, तपासणी झाली, औषधं लिहून दिली. मला त्यातलं काहीही आठवत नाही.

घरी आल्यावर मी सरळ स्वयंपाकघरात गेले. भावजय भांडी पुसत होती. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "तू जे सगळ्यांना सांगतेस ना, ते खरं नाही. मी त्याला जा म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं, दांडी वाकव आणि गप्प बस."

तिने हातातलं पातेलं पुसून पुरं केलं, फळीवर पालथं घातलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्याच दिवशी सांगितलं त्यांनी मला."

"मग दोन वर्षं माझं कौतुक का करत होतीस?"

"तुम्ही कधी सांगताय, ते बघत होते," ती म्हणाली, आणि माझ्या गुडघ्याकडे बघून खुर्ची पुढे सरकवली.